आमची काच कुठी गेली?

रिटायर होताना चार्ज द्यावा लागतो. कपाटाच्या किल्ल्या, बी.पी.चं यंत्र, दोन ट्रे, एक मोडका वजनकाटा, सगळं यादीवर टिक करून मी नव्या बाईंच्या हवाली केलं. किस्स्यांचा चार्ज मात्र कोणी घेत नाही. ते आपल्यासोबत घरी येतात आणि घरी येऊन वाढत राहतात. आम्ही चार-पाच मैत्रिणी जमलो, चहा झाला, की कोणीतरी म्हणतेच, "मालती, ते काचांचं सांग न." मग मी सुरू करते.

दवाखाना कोणता ते सांगत नाही. सौंसर आणि पांढुर्ण्याच्या मधात कुठेतरी होता, एवढं धरून चला. ऐंशी साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. मी तिथे लेडी हेल्थ व्हिजिटर, म्हणजे गावोगाव फिरणारी नर्सबाई. विभा मॅडम नव्यानं आलेल्या डॉक्टर. शिक्षण नागपूरचं, नोकरी मध्य प्रदेशाची. आणि ऑफिसात बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, ज्यांच्या सहीशिवाय आमच्याकडे कापसाचा बोळासुद्धा हलत नव्हता.

*

वरून आदेश आला, बायांच्या कर्करोगाची तपासणी करा म्हणून. तपासणी साधी होती. गर्भाशयाच्या तोंडाशी एक लाकडी पट्टी फिरवायची, तिला लागेल ते एका काचेवर पसरायचं, काच स्पिरिटात बुडवायची आणि मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायची. तिथे मायक्रोस्कोपखाली बघून सांगणार. दुखायला लागायच्या आधीच रोग कळतो, हे त्यातलं महत्त्वाचं.

दवंडीवाल्याला 'कर्करोग' हा शब्द तोंडातून काढायला नको वाटला. त्यानं गावात ओरडून सांगितलं, "बायांची सरकारी तपासणी, एकदम फुकट." 'सरकारी' आणि 'बायांची' एवढंच लोकांनी ऐकलं. त्या काळात ह्या दोन शब्दांचा एकच अर्थ होता: नसबंदीचं ऑपरेशन. बोरगावला आम्ही टेबल मांडून बसलो तर गावात एक बाई दिसेना. सगळ्या संत्र्याच्या बागांत जाऊन बसलेल्या.

दुपारी एकटीच एक आली. पन्नाशीची, हाताला माती लागलेली. तिचं नाव पार्वताबाई.

"खरं सांगा बाई, कापत नाही न काही?"

"नाही. एक काच घेतो फक्त."

तिनं आधी लाकडी पट्टी हातात घेऊन पाहिली, स्पिरिटच्या बाटलीचा वास घेतला, मग आत गेली. तपासणी झाल्यावर तिनं ती काच मागितली, खिडकीशी नेली आणि उजेडात धरली.

"ह्याच्यात मी कुठी हाय?"

मॅडमनी समजावलं, की फार बारीक कण आहेत, नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत.

"तुमाले दिसते?"

"मलाही नाही. ज्यांना दिसतं ते दूर राहतात."

"बरं. ते पाहतीन तवा मले सांगजा. मी येईन विचाराले."

असं सगळेच म्हणतात, म्हणून मी मान हलवली. पार्वताबाई बागेत गेली आणि अर्ध्या तासानं अकरा बाया घेऊन आली.

*

मग गर्दी इतकी झाली की लिहायला हात पुरेना. रजिस्टरमध्ये नावं बडे बाबू लिहून राहिले होते. काचेवर चिकटवायच्या चिठ्ठ्या माझ्याकडे.

पंचाईत अशी, की बाया नवऱ्याचं नाव घेत नव्हत्या. बाबू विचारायचे, "पति का नाम?" आणि बाई पदर तोंडावर धरायची. मग मागची बाई तिच्या नवऱ्याचं नाव सांगायची, आणि त्या मागचीची पाळी आली की पुढची सांगायची. एकदा दोघी-तिघी एकदम बोलल्या आणि एका बाईला तिच्या जावेचा नवरा लागला. बाबूंनी खोडलं, परत लिहिलं, चष्मा काढून पुसला.

म्हणाले, "मालती बहन, ये तपासणी कम, स्वयंवर ज़्यादा है."

त्या दिवशी आम्ही खूप हसलो. हसता हसता मी पेन्सिलनं चिठ्ठ्या लिहीत होते. चिठ्ठी बोटाएवढी. बाईचं नाव आणि नवऱ्याचं नाव लिहिलं की भरून जायची. गावाचं नाव लिहायला जागा पुरत नव्हती, म्हणून मी ते लिहिलं नाही. काचेवर शाईनं टाकलेला नंबर होताच. शाई स्पिरिटात धुतली जाते हे मला तेव्हा सुचलं नाही.

*

काचांची लाकडी पेटी तयार झाली. विभा मॅडम म्हणाल्या, "नागपूरला पाठवू. सकाळच्या बसनं गेली तर दुपारी पोचते."

बडे बाबूंनी नियम काढला. नागपूर महाराष्ट्रात. आपण मध्य प्रदेशात. पेटी आधी वरच्या ऑफिसात जाणार, तिथून आपल्याच राज्यातल्या प्रयोगशाळेत. ती प्रयोगशाळा कुठे, तर बस, मग रेल्वे, मग दुसरी रेल्वे. मॅडमनी परवानगीसाठी पत्र लिहिलं. उत्तर दीड ओळीचं आलं: दुसऱ्या राज्यात नमुने पाठवण्याची तरतूद नाही.

पार्वताबाई तेव्हा योगायोगानं दवाखान्यात होती. तिला मी हे सांगितलं.

"आमचं संत्रं नागपूरले जाते," ती म्हणाली. "कापूस जाते. पोरी देतो आमी नागपूरले. मंग काचच काहून नाही जात?"

बाबूंनी फाईल चाळून पाहिली. पेटी नियमानं रवाना झाली.

*

पार्वताबाई खरंच विचारायला येऊ लागली. बाजाराच्या दिवशी भाजी घ्यायची, पिशवी आमच्या ओट्यावर ठेवायची आणि विचारायची, "आमची काच कुठी गेली?" महिना झाला, दोन झाले, पाच झाले. दरवेळी बाबूंचं एकच उत्तर: "विचाराधीन है."

एकदा तिनं मला बाजूला घेतलं. "विचाराधीन म्हंजे काय व बाई?"

"विचार करून राहिले, असं."

"किती जण?"

ती थट्टा करत नव्हती. तिला खरंच आकडा पाहिजे होता. तिच्या हिशेबानं एका काचेला एक माणूस पुरायला पाहिजे, आणि एवढे महिने लागतात म्हणजे पुष्कळ जण बसले असावेत.

हे मी मॅडमना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "उद्या आपण वरच्या ऑफिसात जाऊ."

*

गेलो. उन्हाचे दिवस, बस खच्चून भरलेली. ऑफिसातल्या बाबूनं रजिस्टर उघडून दाखवलं. पेटी आली, नोंद आहे. पुढे गेली का? त्याची नोंद नाही. का नाही? कव्हरिंग लेटरच्या दोनच प्रती होत्या, तिसरी पाहिजे होती. मग आम्हाला कळवलं का नाही? कळवायचं पत्र टाईप करायला दिलं होतं.

"पण पेटी कुठे आहे?" मॅडमनी विचारलं.

"असेल कुठेतरी. आमच्याकडून काही हरवत नाही."

मॅडम त्याच्याशी बोलत होत्या आणि मला तहान लागली. व्हरांड्याच्या कोपऱ्यात माठ होता. मी पेला घेतला, पाणी प्याले, गार होतं म्हणून आणखी अर्धा पेला घेतला. पेला ठेवायला वाकले तेव्हा माठाखाली लक्ष गेलं. लाकडी पेटी. बाजूला निळ्या रंगात आमच्या दवाखान्याचं नाव, माझ्याच अक्षरात.

मी मॅडमना हाक मारली. त्यांनी माठ स्वतः उचलून खाली ठेवला, पेटी काखेत घेतली आणि बाबूला म्हणाल्या, "बरोबर बोललात. हरवली नव्हती."

त्यानं विचारलं, "अब माठ किस पर रखें?"

*

बसस्टँडवर दोन बस लागल्या होत्या, एक आमच्या गावची, एक नागपूरची. मॅडम सरळ नागपूरच्या बसमध्ये चढल्या. मीही चढले. पेटी वाटभर त्यांच्या मांडीवर होती.

नागपूरला मॅडमना शिकवलेले एक सर होते, म्हातारे. त्यांनी कागदपत्र विचारलं नाही. आठवडाभर बसून त्यांनी जेवढ्या काचा वाचता आल्या तेवढ्या वाचल्या. बऱ्याच चांगल्या निघाल्या. पार्वताबाईची चांगली होती. काही वाळून निकामी झाल्या होत्या. आणि एक काच त्यांनी वेगळ्या कागदात गुंडाळून दिली. त्यावरचा नंबर पुसला गेला होता. माझी चिठ्ठी तेवढी शाबूत होती: रुखमा, पती नामदेव.

परत येऊन आम्ही रजिस्टर उघडलं. रुखमा, पती नामदेव, राहणार मोहगाव. आणि चार पानं पुढे, रुखमा, पती नामदेव, राहणार पांढुर्ण्याकडचं एक लहान खेडं.

मी खुर्चीत बसले. मॅडमनी दोन्ही गावं कागदावर उतरवून घेतली. "दोघींकडे जाऊ," एवढंच म्हणाल्या.

मोहगावची रुखमा धुणं टाकून आमच्यासोबत आली. तिची परत तपासणी केली. तिला काहीच नव्हतं.

दुसरीच्या घरी पोचलो तर ती भिंतीला टेकून बसली होती. वय चाळीसही नसेल. तिचा नवरा नामदेव बागेत संत्र्याच्या पेट्या ठोकायला गेला होता. मला पाहून तिचा चेहरा उजळला.

"तुमी त्या काचवाल्या बाई न? बसा. मी चहा ठेवते."

मॅडमनी तब्येत विचारली. अंगावरून जातं, म्हणाली. कधीपासून? बरेच महिने.

"मग दवाखान्यात का नाही आलीस व?" मी विचारलं.

"सरकारनं पाहिलं होतं न," ती म्हणाली. "काई असतं तर सांगितलं असतं. कोणी काई बोललं नाही, मनून मले वाटलं सारं चांगलंच हाय."

तिला नागपूरला नेलं. किरणांचे शेक दिले, औषधं झाली. सरांनी मॅडमना विचारलं, "काच घेतली तेव्हाच का नाही आणली हिला?" संत्र्याचा पुढचा बहार उतरायच्या आधी रुखमा गेली.

*

ही गोष्ट कशी कोण जाणे वरपर्यंत पोचली आणि चौकशी बसली. एक साहेब आले. हिंदी बोलणारे, सावकाश लिहिणारे. माणूस वाईट नव्हता. पण त्यांनी ज्याला ज्याला विचारलं त्याच्याकडे एकेक कागद निघाला. बडे बाबूंकडे दोन प्रतींचा नियम होता. वरच्या ऑफिसकडे तीन प्रतींचा होता. स्टोअरकीपरची बदली झालेली. टायपिस्ट म्हणे, माझ्याकडे पत्र आलंच नाही. पेटीला सगळ्यांचा हात लागला होता आणि पेटी कोणाच्याच ताब्यात नव्हती.

माझी पाळी आली. बाबूंनी आधीच कानात सांगितलं होतं, "जितना पूछें, उतना ही." पण रुखमाचं ते 'चहा ठेवते' माझ्या डोक्यातून जात नव्हतं. मी सांगितलं, की चिठ्ठीवर गाव मी लिहिलं नाही. नंबर धुतला जाईल हे मला कळलं नाही. तेवढी चूक माझी आहे.

साहेबांनी लिहायचं थांबवलं. "यह लिखूँ?"

"लिहा," मी म्हणाले.

नंतर त्यांनी मॅडमना विचारलं, की परवानगी नसताना काचा दुसऱ्या राज्यात कोणी नेल्या? मॅडम उत्तर देणार, तेवढ्यात दारात गलका झाला. पार्वताबाई आणि तिच्यामागे वीस-पंचवीस बाया. कोणी बोलावलं नव्हतं. बस भरून आल्या होत्या.

"आमी नेल्या," पार्वताबाई म्हणाली.

साहेब म्हणाले, "आपने? किसकी अनुमति से?"

"आमच्या आंगातून काढल्या साहेब. काच सरकारची असंन, तिच्यावरचं आमचं हाय. आमचं आमी नेलं. लिवून घ्या, आंगठा देतो."

मागच्या सगळ्या बायांनी अंगठा पुढे केला. साहेबांनी शाईचं पॅड मागवलं की नाही ते मला आठवत नाही. त्यांनी पाणी मागवलं हे आठवतं.

दोन महिन्यांनी चौकशीचा आदेश आला. मॅडमचं नाव त्यात नव्हतं, ते मला बरं वाटलं. पहिलं कलम: नमुन्यांच्या पेटीवर यापुढे कोणतीही वस्तू, विशेषतः माठ, ठेवू नये. दुसरं कलम: चिठ्ठ्या अपुऱ्या लिहिल्याबद्दल मालतीबाईंना ताकीद. एवढ्या सगळ्या चौकशीत एकच नाव निघालं, आणि तेही मी स्वतः सांगितलं म्हणून.

पार्वताबाईला मी आदेश वाचून दाखवला. तिनं दोन्ही कलमं ऐकली.

"अन् तिसरं?" तिनं विचारलं.

तिसरं होतं. तपासणी नव्यानं घ्या, साहेबांच्या देखरेखीत, आणि काचा नागपूरला पाठवा. बडे बाबूंनी ते तीनदा वाचलं, मग आम्हाला वाचायला दिलं.

*

त्या दुसऱ्या तपासणीचा दिवस. थंडीचे दिवस होते, ओट्यावर ऊन आलेलं. जुन्या रजिस्टरवरून सगळ्यांना पोस्टकार्डं गेली होती: अमुक तारखेला तपासणीसाठी हजर राहावे. बाया सकाळपासून येऊन बसल्या. साहेब स्वतः टेबल-खुर्ची घेऊन बाहेर बसले. नावं मीच पुकारतो, म्हणाले, ह्या वेळी कोणावर सोडत नाही.

ते नाव घ्यायचे, गाव घ्यायचे, बाई उठून आत जायची. आत मॅडम, दारात मी, हातात ह्या वेळी लांबलचक चिठ्ठ्या. सगळं सुरळीत चाललं होतं. मोहगावची रुखमा येऊन गेली. मग आणखी काही नावं झाली.

साहेबांनी पुकारलं, "रुखमा, पति नामदेव," आणि पुढे त्या लहान खेड्याचं नाव.

यादी जुन्या रजिस्टरवरून उतरवलेली. कोणीच नाव काढलं नव्हतं. मी साहेबांकडे जायला निघाले, तेवढ्यात बायांच्या मागच्या रांगेतून एक माणूस उठला. धुतलेलं धोतर, टोपी काढून हातात धरलेली. सकाळपासून तो तिथेच बसलेला होता आणि आम्हाला वाटलं कोणाला तरी पोचवायला आला असेल.

"हजर," तो म्हणाला.

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "आप कौन?"

"नामदेव. रुखमाचा."

"रुखमाबाई नहीं आईं?"

"ती गेली साहेब."

साहेबांना वाटलं कुठे गावाला गेली. बडे बाबू वाकले आणि त्यांच्या कानात काही बोलले. साहेबांचा हात यादीवर तसाच राहिला.

नामदेव बायांच्या मधून वाट काढत टेबलापाशी आला. त्यानं खिशातून पोस्टकार्ड काढलं, कोपरे सरळ केले आणि साहेबांपुढे ठेवलं.

"कार्डात तारीख लिवली होती. हजर राहा मनून लिवलं होतं," तो म्हणाला. "तिच्या नावापुढं गैरहजर लिवल्या जाऊ नाही, मनून मी आलो."

साहेब उठले. त्यांनी आपली खुर्ची मागे ओढली आणि नामदेवकडे केली. तो बसेना. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा टोकावर टेकला, टोपी गुडघ्यावर ठेवून.

साहेब उभेच राहिले. पेन हातात होतं. त्या नावापुढे काय लिहावं ते त्यांना सुचत नव्हतं, की लिहायचंच नव्हतं, मला सांगता येत नाही. आतून मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या.

शेवटी नामदेवच बोलला, हळू आवाजात.

"पुढचं नाव घ्या न साहेब. ह्या बाया सकाळपासून बसून राहिल्या."